दिसतंय तोवरच लेझर

स. न. वि. वि.

आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. माझ्या सासऱ्यांना आम्ही आण्णा म्हणतो. वय ६१, शुगर १४ वर्षांपासून, बीपीची गोळीही चालू आहे. मागच्या आठवड्यात त्यांचे डोळे मिरजेला दाखवले. तीनदा थेंब घालून दोन तास बसवलं. मग डॉक्टरांनी पडदा बघितला आणि म्हणाले, दोन्ही डोळ्यांना लेझर लागेल, पंधरा दिवसांत सुरू करा. फाईलवर पी.डी.आर. आणि पी.आर.पी. असं लिहिलंय. पण आण्णांना सगळं नीट दिसतं. पेपर वाचतात, घडातले मणी मोजतात. परत येताना हट्टानं त्यांनीच मोटारसायकल चालवली आणि कवठेएकंदच्या अलीकडे उन्हाच्या तिरपीनं काही दिसेना म्हणून गाडी खाली चरीत गेली. लागलं नाही, पण तेव्हापासून एकच धोशा, "त्या थेंबांनीच माझे डोळे बिघडवले." त्यात आमच्या वस्तीवरचे एक जण लेझर करून आले आणि महिन्याभरात त्यांचा डोळा गेला. आता छाटणी तोंडावर आली आहे, तर "माल निघाल्यावर बघू" म्हणतात. थेंब न घालता नुसता मशीनवर फोटो काढून भागत नाही का? चांगलं दिसत असताना लेझर कशाला? मी जास्त बोलले की घरात वाईटपणा येतो. काय करू?

– एक सून, तासगाव तालुका

ताई,

आधी मुद्द्याचं सांगते. माल निघेपर्यंत थांबू नका. छाटणीपासून माल निघेपर्यंत चार महिने सहज जातात आणि आण्णांच्या फाईलवर जे लिहिलंय, त्याला चार महिने देता येत नाहीत. छाटणीच्या गडबडीच्या आत निदान पहिली बैठक उरकून घ्या.

पी.डी.आर. म्हणजे शुगरमुळे पडद्याला होणाऱ्या आजाराची शेवटाकडची पायरी. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्याच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या खराब होतात, पाझरतात, काही बंदच पडतात. ज्या भागाला रक्त पोचत नाही तो उपाशी राहतो आणि एक रसायन सोडू लागतो. त्या रसायनामुळे पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटतात. नव्या म्हटल्यावर बरं वाटतं, पण त्या कच्च्या असतात. एखाद्या दिवशी काहीही कारण नसताना त्यातली एक फुटते आणि डोळ्यात रक्त पसरतं. किंवा त्यांच्यासोबत वाढलेली जाळी आवळत जाते आणि पडदाच ओढून सोडवते.

मग आण्णांना नीट कसं दिसतं? आपण वाचतो, चेहरे ओळखतो, मणी मोजतो ते पडद्याच्या अगदी मधल्या एका छोट्या भागानं. तो भाग आज चांगला आहे, एवढंच त्या पेपर वाचण्यावरून सिद्ध होतं. बाकीच्या पडद्यावर काय चाललंय ते त्यांना कळायचा मार्गच नाही, कारण हा आजार दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही करत नाही. पडद्याच्या आजाराची माणसं तपासताना मला डॉक्टर म्हणून सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती इथं. "दिसायचं कमी झालं म्हणून आलो" असं सांगणारा माणूस समोर बसतो, तेव्हा बऱ्याचदा सोपा उपाय करायची वेळ निघून गेलेली असते. आण्णा दिसत असताना गेले. तुम्ही कुणी त्यांना नेलंत ते फार चांगलं केलंत.

आता थेंबांकडे येऊ, कारण खरी अढी तिथं बसली आहे.

बुबुळाच्या मधोमध जी काळी बाहुली दिसते ते खरं तर भोक आहे. उजेडात ते दोन ते चार मिलिमीटरचं असतं, आणि डॉक्टरांनी आत बघायला उजेड टाकला की आणखी आकसतं. त्यातून मधला भाग आणि नस दिसते, कडेचा पडदा दिसत नाही. थेंबांनी बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते, मग डोक्याला दिवा लावून आणि हातात भिंग धरून पडद्याची कडा न् कडा बघता येते. नव्या रक्तवाहिन्या, बारीक छिद्रं, सुटत चाललेला पडदा या गोष्टी कडेलाही असतात. म्हणून थेंब.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिन अशी दोन औषधं एकत्र असलेले थेंब वापरतात. पहिलं औषध बाहुली आकसणारा स्नायू सैल करतं, दुसरं बाहुली उघडणाऱ्या स्नायूला जोर देतं. घालताना चरचरतं. वीस-पंचवीस मिनिटांत बाहुली उघडायला हवी, पण आपल्या लोकांची बुबुळं गडद असतात, त्यांना वेळ लागतो. आणि बरीच वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या बाहुलीच्या नसाही मंदावलेल्या असतात, त्यामुळे ती हट्टी होते. आण्णांना तीनदा थेंब घालून दोन तास बसवलं ते याच कारणानं. सिस्टर दर थोड्या वेळानं बॅटरी मारून बघतात आणि "अजून नाही, डोळे मिटून बसा" म्हणतात, तेव्हा माणूस वैतागतो हे खरं आहे. पण अर्धवट उघडलेल्या बाहुलीतून केलेली तपासणी अर्धवटच होते.

ट्रॉपिकामाइड डोळ्याचा फोकस करणारा स्नायूही झोपवतं, म्हणून जवळचं धुरकट होतं. बाहुली उघडी असल्यानं ऊन थेट आत शिरतं, म्हणून डोळे दिपतात. हा परिणाम चार ते सहा तासांत ओसरतो, काहींना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहतो. मग डोळा होता तसा होतो. आण्णांना आज मणी मोजता येताहेत, म्हणजे थेंबांनी डोळा बिघडवलेला नाही. गाडी चरीत गेली ती बाहुली उघडी असताना उन्हात मोटारसायकल चालवल्यामुळे. हे त्यांना थेंब घालायच्या आधीच कुणी तरी बजावून सांगायला हवं होतं, दोन वाक्यांचं काम होतं. कवठेएकंदचा तो रस्ता, समोरून उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक, तिथं थोडक्यात निभावलं.

एक गोष्ट मात्र पुढच्या वेळी त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही आपणहून सांगा. आण्णांना बीपी आहे. फेनिलेफ्रिननं बीपी थोडं वाढू शकतं. बीपी फार चढलेलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर ते टाळून नुसतं ट्रॉपिकामाइड घालतात. त्या दिवशीची बीपीची गोळी चुकवायची नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तेही सांगा. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिटभर दाबून धरला तर औषध नाकातून घशात कमी उतरतं, घसा कडू होत नाही आणि अंगातही कमी भिनतं.

एखाद्याच्या डोळ्याची ठेवण अशी असते की बाहुली मोठी झाल्यावर आतल्या पाण्याची वाट बंद होते आणि डोळ्याचं प्रेशर एकदम चढतं. हे क्वचित होतं. थेंबांच्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री डोळा खूप दुखायला लागला, लाल झाला, डोकं दुखून उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर "थेंबांचा परिणाम असेल" म्हणून झोपवू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

मशीनवर थेंब न घालता फोटो निघतो, हे तुम्ही बरोबर ऐकलंय. तो कॅमेरा गावोगावच्या तपासणीला उपयोगी आहे, त्यावरून कुणाला पुढं पाठवायचं ते कळतं. पण एका फोटोत पडद्याचा मधला हिस्साच येतो, आणि मोतीबिंदू किंवा बारीक बाहुली असेल तर फोटो धुरकट निघतो. आण्णांचा प्रश्न आता "आजार आहे की नाही" हा राहिलेलाच नाही. आणि लेझर तर कडेच्या पडद्यावरच मारायचा असतो. बाहुली बंद ठेवून तो होणार नाही, तेव्हा लेझरच्या प्रत्येक बैठकीला थेंब आलेच.

पी.आर.पी. म्हणजे हाच लेझर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर झिल्ली काढायला मारतात तो वेगळा आणि चष्म्याचा नंबर घालवायला करतात तोही वेगळा. तिन्हींना लोक लेझरच म्हणतात, म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला सांगितला जातो आणि गोंधळ होतो. आण्णांच्या लेझरमध्ये कडेच्या उपाशी पडद्यावर बारीक बारीक ठिपके मारतात. जुन्या पद्धतीनं एका डोळ्याला बाराशे ते सोळाशे ठिपके, दोन-तीन बैठकांत. मधल्या, वाचायच्या भागाला हात लावत नाहीत. आण्णांना बागेच्या भाषेत सांगा. फेलफुटी आणि बगलफुटी, म्हणजे नको असलेल्या जादा फुटी, काढल्या नाहीत तर वेलीची ताकद नुसती पाल्यात जाते आणि घड उपाशी राहतो. तसाच कडेचा, नाही तरी रक्त न पोचणारा भाग थोडा कमी केला की त्याची मागणी घटते, ते रसायन सुटायचं कमी होतं, आणि कच्च्या रक्तवाहिन्या काही आठवड्यांत सुकू लागतात. मधली नजर वाचते.

ही कल्पना निघाली ती सूर्यग्रहणातून. १९४५ साली ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघून पडदा भाजलेला रुग्ण मायर-श्विकेराथ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तपासला. उजेडानं पडद्यावर डाग पडतो, तर मोजून मापून पाडलेल्या डागानं पडदा चिकटवता येईल का, असा विचार त्यांनी केला. आरशांनी सूर्यकिरण वळवून डोळ्यात सोडण्याचे प्रयोगही त्यांनी केले. लेझर पुढं १९६० मध्ये आला.

वस्तीवरच्या त्या गृहस्थांचं ऐकून आण्णा घाबरले, यात त्यांचं काही चुकलं नाही. डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट आहे. पण एक विचारून घ्या, ते लेझरला गेले तेव्हा त्यांना कितपत दिसत होतं? आमच्याकडे येणाऱ्यांत अशी माणसं खूप असतात की डोळ्यात एकदा रक्त येऊन गेलेलं असतं, पडदा ओढला जात असतो, आणि तेव्हा कुठं लेझर सुरू होतो. लेझरचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात कच्ची रक्तवाहिनी फुटली की नाव लेझरचं होतं. लेझर गेलेली नजर परत आणत नाही, असलेली राखतो. म्हणून तर तो दिसतंय तोवर करायचा.

याचा पुरावा फार जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात १,७०० हून अधिक रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर केला, दुसरा तसाच ठेवून नियमित तपासला. लेझर केलेल्या डोळ्यांत नजर पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी राहिलं. १९७६ मध्ये फरक इतका स्पष्ट झाला की ज्या दुसऱ्या डोळ्यांना धोका होता त्यांनाही लेझर द्यायचं ठरलं. आता काही रुग्णांना लेझरऐवजी किंवा लेझरसोबत डोळ्यात इंजेक्शनं देतात, मधल्या भागाला सूज असेल तर इंजेक्शनच आधी. पण इंजेक्शनांना पुन्हा पुन्हा जावं लागतं. बागेच्या कामात ज्यांच्या तारखा चुकणार, त्यांना दोन-तीन बैठकांत होणारा लेझर जास्त भरवशाचा. हे माझं मत आहे. आण्णांच्या डोळ्याला काय लागू पडतं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

लेझरचे तोटेही त्यांना लपवू नका. कडेची नजर आणि अंधारातलं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. रात्रीच्या लाइटवर मोटार चालू करायला विहिरीवर जाणाऱ्या माणसाला हे कळलंच पाहिजे. पुढं रात्री बॅटरीशिवाय बांधावर जायचं नाही, असं आतापासूनच ठरवा. बैठक झाल्यावर दिवसभर धुरकट दिसेल, ते ओसरतं.

बैठकीच्या दिवशी काय होतं, तेही त्यांना आधी माहीत असू दे. उपाशी जायचं नाही. नाष्टा करायचा, शुगरची औषधं नेहमीप्रमाणे घ्यायची. दोन तास बाकावर बसावं लागतं, तेव्हा पिशवीत भाकरी-भाजी आणि शुगर उतरली तर म्हणून चार साखरेच्या गोळ्या ठेवा. बाहुली उघडली की डोळा बधिर करायचे थेंब घालतात. मशीनवर हनुवटी टेकवून बसवतात आणि डोळ्यावर एक भिंग ठेवतात, त्यामुळे पापणी मिटत नाही. मग झगझगीत उजेडाचे झटके. काहींना काहीच वाटत नाही, काहींना मधेच एखादा ठिपका आतवर टोचतो, विशेषतः नाकाकडच्या आणि कानाकडच्या बाजूला, कारण तिथून नसा जातात. दुखलं की हात वर करा, डॉक्टर थांबतात, ताकद कमी करतात. मान मात्र मागं ओढायची नाही. दहा-वीस मिनिटांत संपतं. टाके नाहीत, पट्टी नाही.

मोटारसायकल त्या दिवशी घरीच. कुणाला तरी सोबत घेऊन एसटीनं जा. परतताना उन्हाच्या बाजूची खिडकी टाळा, गॉगल आणि टोपी न्या, आणि एसटीच्या पायऱ्या उतरताना त्यांचा हात धरा, कारण पायरीचा अंदाज चुकतो. त्या दिवशी फवारणीच्या औषधाचं माप त्यांना घ्यायला लावू नका, बाटलीवरचं बारीक अक्षर दिसणार नाही. आणि ते इन्सुलिन घेत असतील तर रात्रीचं युनिट दुसऱ्यानं बघून भरावं. सिरिंजच्या रेषा धुरकट दिसल्यानं डोस चुकणं फार धोक्याचं आहे.

खर्चाची काळजी असेल तर रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

राहिला घरातला वाईटपणा. ताई, हे सगळं तुम्ही एकटीनं डोक्यावर घेऊ नका. तुमच्या यजमानांना बागेतून एक दिवस काढायला सांगा. शुगर असलेल्या वडिलांच्या डोळ्यांसाठी लेकानं सोबत गेलं तर सासूबाईंनाही त्यात काही वावगं वाटणार नाही, आणि आण्णांनाही मान राहतो. "आंधळे व्हाल" हे शब्द घरात कुणीच वापरू नका. त्यानं माणूस अजून आत जातो. त्याऐवजी डॉक्टरांना विनंती करा की पडद्याचा फोटो स्क्रीनवर आण्णांना स्वतःला दाखवा. पानावर भुरीचा पहिला ठिपका ओळखणारी नजर आहे त्यांची. लाल ठिपके, पांढरे डाग, नव्या वाहिन्यांचं जाळं त्यांनी एकदा बघितलं की ते तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतील. विचारू द्या. शेजाऱ्यांच्या डोळ्याचंही तिथंच विचारू द्या. आणि पहिल्यांदा एकाच डोळ्याचं एकाच बैठकीचं बोला. एक बैठक होऊन घरी आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत उभे राहिले, की दुसऱ्या बैठकीचं वेगळं समजवावं लागत नाही.

लेझर झाल्यावरही शुगर आणि बीपी आटोक्यात ठेवावंच लागेल आणि सांगितलेल्या तारखेला बाहुली मोठी करून पडदा दाखवावाच लागेल. तुमच्या यजमानांचीही शुगर एकदा तपासा, वडिलांना आहे म्हणून.

तारखेची वाट बघत असताना आण्णांना डोळ्यासमोर अचानक काळे धागे किंवा काजळीसारखे कण तरंगताना दिसले, लालसर धूर आला, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूनं सावली सरकत आली, तर तारीख बघू नका. त्याच दिवशी मिरजेला घेऊन जा, आणि दारातच सांगा की पी.डी.आर.चा रुग्ण आहे.